निलंबन कुणाला, सेवासमाप्ती कुणाला

भंडारा जिल्ह्यात सगळ्यांत मोठा मालक कोण, असं विचारलं तर कुणी वरठीच्या सनफ्लॅगचं नाव घेईल, कुणी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीचं. तुमसरकडचा माणूस चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी सांगेल. या सगळ्यांना फाटक आहे, कामगार कधी आत गेला आणि कधी बाहेर आला हे गावाला दिसतं. पण सातही तालुक्यांत, लाखांदूरच्या टोकाच्या गावापर्यंत ज्याची माणसं रोज कामावर असतात असा एक मालक म्हणजे सरकारचं आरोग्य खातं.

रुग्णाच्या लेखी ही सगळी माणसं 'दवाखान्याची'. त्यांच्या नेमणुका मात्र वेगवेगळ्या हातांनी झालेल्या. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कर्मचारी करारावर. १०८ची रुग्णवाहिका कंत्राटदाराकडे. आणि आशाताई? तिला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२मध्ये गौरवलं, पण तिला आपली कर्मचारी म्हणायला कुणी तयार नाही.

या मालकाकडे नोकरी करणं म्हणजे काय, हे एकाच घरातल्या दोन बायकांच्या तोंडून मांडतो. एक निवृत्त परिसेविका, दुसरी तिची पुतणी, उपकेंद्रावर करारावर असलेली समुदाय आरोग्य अधिकारी. या दोघी कुणी ठरावीक व्यक्ती नाहीत, लेखासाठी उभ्या केल्या आहेत. करारावरच्या कर्मचाऱ्यांच्या संपावरून सुरू होणारा हा वाद मात्र खरा आहे आणि तो जिल्ह्यातल्या अनेक घरांत चालू आहे.

मोठीआई : तू संपाचं बोलून राहिली, पण मला एक सांग, उपकेंद्राला कुलूप लागलं तर नुकसान कुणाचं? मंत्र्याचं? त्याचा बीपी मुंबईत मोजतील. नुकसान त्या बाईचं, जिला आठवा महिना लागला आहे आणि जिचं हिमोग्लोबिन सातवर आहे.

पुतणी : मोठीआई, तिचं नाव, तिचा मोबाईल नंबर, तिच्या सासूचा स्वभाव, सगळं मला पाठ आहे. तिच्यासाठी संप करू नये हे मला पटतं. पण मग मी कधी बोलायचं? कामावर असताना बोलले तर 'वर्तणूक समाधानकारक नाही' असा शेरा पडतो आणि मार्चमध्ये पुनर्नियुक्तीचा आदेश अडतो.

मोठीआई : शेरे आमच्याही गोपनीय अहवालात पडायचे.

पुतणी : पडायचे. पण त्यानं तुझी नोकरी जात नव्हती.

मोठीआई : बदली व्हायची! तुला वाटते, कायम नोकरी म्हणजे गादी. मी १९८९ला लागली. तेव्हा गोंदिया आपल्यातच होतं, १ मे १९९९ला वेगळं झालं. म्हणजे भंडारा जिल्ह्याची बदली म्हणजे देवरी, सालेकसा, थेट छत्तीसगडच्या सीमेपर्यंत. लहान पोरगं सासूजवळ ठेवून मी देवरीकडे राहिली. नाईट एकटीने काढली. बाळंतीण अडली तर डॉक्टर येईपर्यंत मीच. कुणाला सांगायचं होतं? पण एक होतं. मी खात्याची होती. गावात पाटील असो की पोलीस, 'सिस्टर' म्हणूनच बोलायचे.

पुतणी : मलाही गावात मान आहे. 'मॅडम' म्हणतात. मान गावाकडून मिळतो, मोठीआई. खात्याकडून काय मिळते ते बोल ना.

इथे थोडं थांबून एक वर्ष नीट पाहायला हवं, कारण या दोघींमधलं अंतर वयाचं कमी आणि २००५ या सालाचं जास्त आहे. १२ एप्रिल २००५ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. गावागावात आशा आल्या, बंद पडलेली उपकेंद्रं उघडली, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, पुढे जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजात बालकांचे विशेष कक्ष उभे राहिले. हे सगळं खरं आहे आणि मोठं आहे. त्याच वर्षी, १ नोव्हेंबर २००५पासून, महाराष्ट्र सरकारने नव्या कर्मचाऱ्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली. म्हणजे ज्या वर्षी आरोग्य खात्याने गोरगरिबांसाठी दार मोठं केलं, त्याच वर्षी आत काम करणाऱ्यांसाठी ते अरुंद केलं. अभियानाची पदं करारावर भरली. २०१३मध्ये 'ग्रामीण' शब्द जाऊन ते राष्ट्रीय आरोग्य अभियान झालं, तरी करार तसेच राहिले. तात्पुरत्या योजनेसाठी तात्पुरती माणसं, हा हिशेब सुरुवातीला समजण्यासारखा होता. वीस वर्षांनंतर तो समजून घेता येत नाही. लसीकरण, बाळंतपण, सिकलसेल, कुष्ठरोग, हत्तीरोग ही कामं भंडाऱ्यात उद्या संपणार आहेत काय?

मोठीआई : आमच्या वेळी एका उपकेंद्रात एक सेविका आणि एक सेवक. आता तू अधिकारी, खाली सेविका, सेवक, आशा. साधनं किती आली. आम्ही रक्ताचे नमुने पिशवीत घालून एसटीने पाठवायचो.

पुतणी : साधनं आली, रकानेही आले. एका बाईचा रक्तदाब मोजला की तो मी वहीत लिहिते, मग मोबाईलमध्ये भरते, मग महिन्याच्या अहवालात पुन्हा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जोखीम अर्ज. ई-संजीवनीवर रोजचे कॉल. आभा कार्ड. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे सिकलसेल किती घरांत आहे. तिथे बसून लग्नाच्या पोरापोरीला समजवावं लागते की दोघंही वाहक असाल तर दर बाळंतपणात चारात एक अशी भीती आहे. त्याला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासाचा रकाना नाही.

मोठीआई : मोबदला तर कामावरच मिळते ना तुले?

पुतणी : पंचवीस हजार ठरलेले, आणि निर्देशांक पूर्ण केले तर पंधरा हजारांपर्यंत वर. निर्देशांक म्हणजे आकडे. ज्या महिन्यात गावात धानाची रोवणी असते, बाया पहाटे चिखलात उतरतात, त्या महिन्यात दवाखान्यात कोण येणार? आकडा पडतो. माझं काम पडत नाही, मी बांधावर जाऊन गोळ्या देते. पण पैसे कापले जातात.

मोठीआई : बांधावर जाऊन गोळ्या आम्ही बिनापैशानं दिल्या, बाई.

पुतणी : पगार चालू होता तुझा. मी हे तुला टोचायला नाही म्हणत. हिशेब सांगते.

मोठीआई : मग माझाही ऐक. कायम असलेल्यांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. नागपूर साठ किलोमीटर. सकाळच्या गाडीनं यायचं, दुपारच्या गाडीनं जायचं. मुख्यालयी राहण्याचा दाखला सरपंचाकडून आणायचा. डॉक्टरपासून कारकुनापर्यंत. त्यांना कुणी काढू शकत नव्हतं, म्हणूनच ते तसे वागले. उद्या तुम्ही सगळ्या कायम झाल्या आणि अशाच वागू लागल्या तर गावानं कुणाकडे जायचं? करारावरची पोरगी धाकाने तरी वेळेवर येते.

मोठीआईचा हा मुद्दा उडवून लावता येणार नाही. ग्रामीण भागातल्या माणसाने सरकारी दवाखान्याविषयी जो कडूपणा साठवला आहे, त्याचं मोठं कारण हे अपडाऊन आहे. पण धाकावर चालणाऱ्या दवाखान्यात काय होतं, याचा विचार या जिल्ह्याने तरी करायलाच हवा. कारण ८ ते ९ जानेवारी २०२१ची रात्र या जिल्ह्यातली आहे.

त्या रात्री मध्यरात्र उलटल्यावर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. कक्षात सतरा बाळं होती. रुग्णालयातच जन्मलेल्या बाळांच्या विभागातली सात वाचली. बाहेरून आणलेल्या बाळांच्या विभागातली दहा गेली. काही भाजून, बरीच धुराने गुदमरून. रुग्णालयाच्या अग्निसुरक्षेतल्या त्रुटी त्यानंतर राज्यभर चर्चेत आल्या. जानेवारी संपायच्या आत सरकारने कारवाई जाहीर केली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, अतिरिक्त जिल्हा शल्यचिकित्सकांची बदली झाली, एक वैद्यकीय अधिकारी आणि प्रभारी परिचारिका निलंबित झाल्या. करारावरचे बालरोगतज्ज्ञ आणि दोन परिचारिका यांची सेवा समाप्त झाली. पुढच्या महिन्यात दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हाही नोंदवला गेला.

दहा घरांच्या दुःखापुढे कुणाची नोकरी गेली हा प्रश्न लहान वाटेल, आणि त्या आईबापांना तो लहान वाटण्याचा पूर्ण अधिकार आहे. ज्यांची चूक होती त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. मला कारवाईची ती यादी मात्र पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. निलंबित झालेल्याला निर्वाह भत्ता मिळतो, त्याच्यावर दोषारोप लेखी ठेवावे लागतात, विभागीय चौकशीत त्याला म्हणणं मांडता येतं. राज्यघटनेचं ३११वं कलम त्याच्या पाठीशी असतं. सेवा समाप्त झालेल्या परिचारिकेच्या बाबतीत बोलणंच संपतं. त्या रात्री तिने काय पाहिलं, आधी काय कळवलं होतं, हे खात्याला तिच्याकडून ऐकण्याची गरज उरत नाही.

पुतणी : मी आधी शेजारच्या जिल्ह्यात अशाच एका नवजात कक्षात होते, तेव्हा नुकती इकडे उपकेंद्रावर रुजू झालेली. बातमी कळली आणि मला आधी माझी रात्रपाळी आठवली. नियम म्हणते, तीन ते चार बाळांमागे प्रत्येक पाळीला एक परिचारिका. आम्ही किती जणी होतो ते मी सांगत नाही. एक वॉर्मर मधूनच बंद पडायचा. मी तोंडी सांगितलं. वहीत नाही लिहिलं.

मोठीआई : काऊन नाही लिहिलं? मी असती तर लिहिलं असतं. वर्ग एकच्या अधिकाऱ्यालाही मी लिहून दिलं आहे. आवक क्रमांक घेऊन प्रत फायलीत ठेवली.

पुतणी : तेच तर सांगून राहिली मी! तू लिहिलंस, कारण तुला लिहिता येत होतं. त्या आवक क्रमांकाची किंमत बदली होती. माझी किंमत अकरा महिन्यांचा करार होता. तुझ्या धाडसाला मी नमस्कार करते, पण ते सगळं तुझं एकटीचं नव्हतं. निम्मं तुझ्या नेमणुकीच्या आदेशात होतं.

मोठीआई : (थोड्या वेळाने) हे मी असं धरून पाहिलं नव्हतं.

पुतणी : आणि हे फक्त भंडाऱ्याचं नाही. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्ष जळाला. अकरा रुग्ण गेले. तिथेही यादी तशीच. शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधिकारी आणि एक परिचारिका निलंबित, दोन परिचारिकांची सेवा समाप्त. मग अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. विजेच्या तारा कुणी टाकल्या, यंत्रणा कुणी तपासली नाही, हे प्रश्न वर कुठेतरी राहिले. खाली सापडल्या त्या खाटेजवळ उभ्या असलेल्या बाया.

मोठीआई : खाटेजवळ उभं राहणं हेच आपलं काम आहे. जबाबदारी नाही म्हणता येत नाही.

पुतणी : म्हणतच नाही. जबाबदारी घेते. मग अधिकारही दे.

मला इथे पुतणीची बाजू घ्यावीशी वाटते आणि ती मी उघडपणे घेतो. दवाखाना सुरक्षित राहतो तो सगळ्यांत खालच्या माणसाने सगळ्यांत आधी पाहिलेली गोष्ट वर पोहोचली तर. वॉर्मरची ठिणगी, ऑक्सिजनच्या नळीचा फुसफुसणारा आवाज, कालबाह्य झालेलं औषध, हे संचालकाला दिसत नाही, रात्रपाळीच्या परिचारिकेला दिसतं. तिने ते बोलावं असं वाटत असेल तर बोलल्यावर तिचं काय होणार हे खात्याने आधी ठरवायला हवं. धाकाने माणूस वेळेवर येतो, हे मोठीआईचं खरं. पण त्याच धाकाने तो गप्पही बसतो. हजेरी बायोमेट्रिक यंत्राने मोजता येते, गप्प बसणं मोजता येत नाही, म्हणून खात्याला गप्प बसण्याची किंमत कळत नाही.

कायदा या बाबतीत सावकाश चालला आहे. २००६च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाने मागच्या दाराने कायम होण्याला आळा घातला, आणि मंजूर पदांवर दहा वर्षं काम केलेल्यांसाठी एकदाच विचार करा, असं सांगितलं. पुढे अनेक सरकारांनी निकालाचा पहिला भाग घट्ट धरला आणि दुसरा विसरून गेली. २० डिसेंबर २०२४ला जग्गो प्रकरणात त्याच न्यायालयाने हे उघड बोलून दाखवलं. जग्गो ही होती केंद्रीय जल आयोगाची सफाई कर्मचारी. काम कायमचं असेल तर माणूस वर्षानुवर्षं तात्पुरता ठेवता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. महाराष्ट्रात त्याआधीच, ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झालेल्या मोठ्या संपानंतर, १४ मार्च २०२४चा शासन निर्णय निघाला होता. दहा वर्षं झालेल्या अभियान कर्मचाऱ्यांना समकक्ष पदांवर सामावून घ्यायचं. अंमल होईना म्हणून १९ ऑगस्ट २०२५पासून पुन्हा बेमुदत संप झाला.

मोठीआई : दहा वर्षं तुझी कधी होतात?

पुतणी : उपकेंद्राची २०३०ला. नवजात कक्षातली दोन वर्षं धरतील की नाही माहीत नाही. मध्ये खंड आहे.

मोठीआई : एका दिवसाचा खंड?

पुतणी : सुरुवातीला एक-एक दिवसाचे. मग जिल्हा बदलताना राजीनामा द्यावा लागला. लग्न झालं, सासर भंडाऱ्यात, आणि आम्हाला बदली नाही. इकडची जाहिरात निघेपर्यंत वाट पाहिली, नव्यानं मुलाखत दिली. तू देवरीच्या बदलीला शिव्या घालतेस, मी बदलीसाठी अर्ज लिहिते.

मोठीआई : पण कायम झालं म्हणजे सगळं सुटते, हे मनातून काढ. विलायतेत एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य सेवा आहे ना, माझ्या नणंदेची पोरगी तिथे आहे. तिथे परिचारिका कायम आहेत, संघटना शंभर वर्षांची, तरी १५ डिसेंबर २०२२ला त्या रस्त्यावर आल्या. पगारासाठी आणि माणसं कमी आहेत म्हणून. मोठा मालक कायम केलेल्यालाही पिळतेच.

पुतणी : पिळते. पण ती पोरगी संपावर गेली आणि दुसऱ्या दिवशी कामावर परत आली. तिला कुणी म्हटलं नाही की तुझा करार संपला. मला एवढंच हवं आहे.

मोठीआई : एवढंच?

पुतणी : पगारही हवा. भविष्य निर्वाह निधी हवा. पण सगळ्यांत आधी, काढायचं असेल तर कारण लेखी द्या, माझं म्हणणं ऐका, मग काढा. आणि मी लेखी कळवलेल्या धोक्याची पोच मला मिळाली पाहिजे.

मोठीआई : मग तुमच्या मागण्यांच्या कागदात हे पहिलं काऊन नाही? मी वाचला तो. समायोजन, वेतनवाढ, विमा, बदली धोरण. हे कुठेच नाही.

पुतणी : मांडलं होतं मी तालुक्याच्या बैठकीत. म्हणाले, चौकशीची मागणी आपण केली तर लोक म्हणतील, चुका करायच्या आहेत म्हणून संरक्षण मागतात. अशा वेळी लोकांची सहानुभूती घालवू नये.

मोठीआई : उलट आहे. पगारवाढ मागितली की लोकांना वाटते, यांचं नेहमीचंच. पण 'आम्हाला धोका लिहून देता यावा' म्हटलं तर ज्याचं लेकरू त्या कक्षात आहे तो बाप तुमच्या बाजूनं उभा राहील. हे पहिल्या नंबरवर घ्या.

पुतणी : पहिल्या नंबरवर नाही घेणार ते. ज्यांची दहा वर्षं झालीत, चाळिशी ओलांडली आहे, त्यांच्यासाठी समायोजनच पहिलं. त्यांचं चुकते असंही मी म्हणणार नाही.

मोठीआई : मग दुसऱ्या नंबरवर. आणि आमच्या कायम परिचारिकांच्या संघटनेलाही हेच पत्र द्या. वहीत लिहिणारी एकटी असली की तिला वेगळं काढता येते. कायम आणि करारावरची, दोघींची सही एकाच तक्रारीखाली असली तर कुणाला काढतील?

पुतणी : त्या सही करतील?

मोठीआई : सगळ्या नाही करणार. दोघी-तिघींना मी ओळखते. बैठक कधी आहे तुमची?

पुतणी : रविवारी, साकोलीला. पण निवृत्त माणसाला बोलू देत नाहीत तिथे.

मोठीआई : बोलू नका देऊ. मसुदा आज बसून लिहू, तू वाचून दाखव. आधी तारीख टाक, आणि खाली आवक क्रमांकासाठी जागा सोड.